गरुडाची आई पिल्लाला ढकलते?



तुमच्या शाळेत रोज सकाळी परिपाठ होत असेल. प्रार्थना, सुविचार, दिनविशेष आणि शेवटी बोधकथा. आमच्या शाळेतही होतो. 2025 च्या फेब्रुवारी महिन्यात एके दिवशी चौथीतल्या एका मुलाने परिपाठात गरुडाची बोधकथा सांगितली. तुम्हीही ती ऐकली असेल. गरुडाचं पिल्लू मोठं होतं, पण घरट्यातून हलायचं नाव घेत नाही. मग त्याची आई घरट्यातली मऊ पिसं काढून टाकते. खालचे काटे टोचायला लागतात. तरी पिल्लू हलत नाही, तेव्हा आई त्याला सरळ उंच कड्यावरून खाली ढकलून देते! पिल्लू घाबरतं, पंख फडफडवतं आणि उडायला शिकतं. तात्पर्य : संकटात उडी घेतल्याशिवाय माणूस मोठा होत नाही.

टाळ्या झाल्या. एवढ्यात तिसरीच्या रांगेतून एक बारीक आवाज आला, "बाई, आणि त्याला नाहीच उडता आलं तर?"

विचारणारी मुलगी एरवी फारसं बोलत नाही. वाचनात थोडी अडखळते. फळ्यापाशी बोलावलं की तिचे पाय जड होतात. तिचा प्रश्न ऐकून मुलं हसली. मी मात्र गप्प झाले. कारण ही गोष्ट मीही कितीदा तरी वर्गात सांगितली होती आणि गरुडाची आई खरंच असं करते का, हे कधी पडताळून पाहिलं नव्हतं.

म्हटलं, चला, पाहूच या. सुदैवाने हल्ली गरुडाचं घरटं पाहायला झाडावर चढावं लागत नाही!

घरटं, झाड आणि कॅमेरा

अमेरिकेत कॅलिफोर्निया नावाचं राज्य आहे. तिथे लॉस एंजेलिस शहराच्या पूर्वेला, डोंगरात, समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरहून जास्त उंचीवर बिग बेअर नावाचं तळं आहे. तळ्याकाठच्या जंगलात जेफ्री पाइन जातीचं एक उंच झाड आहे. त्याच्या शेंड्याजवळ, जमिनीपासून सुमारे 44 मीटरवर, गरुडाच्या एका जोडीचं घरटं आहे. 44 मीटर म्हणजे किती? साधारण चौदा-पंधरा मजली इमारतीइतकं उंच.

या घरट्याजवळ 'फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली' या संस्थेने कॅमेरा बसवला आहे. 2015 पासून घरट्यावर त्याची नजर आहे. रात्रीही त्यातून दिसतं, कारण त्यातला अवरक्त उजेड गरुडांना जाणवत नाही. जगभरातले लोक घरबसल्या हे घरटं पाहतात.

हे गरुड 'बाल्ड ईगल' जातीचे. इंग्रजीत बाल्ड म्हणजे टकला. पण हा गरुड काही टकला नाही बरं का! जुन्या इंग्रजीत या शब्दाचा एक अर्थ पांढरा असाही होता. या गरुडाचं डोकं आणि शेपटी पांढरीशुभ्र, अंग गडद तपकिरी आणि चोच पिवळीधमक असते. पसरलेल्या पंखांची लांबी दोन मीटरच्या आसपास. मासे हे त्याचं आवडतं खाणं. आपल्या कोकण किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड राहतो, तो याचाच जवळचा नातलग.

बिग बेअरच्या जोडीतल्या मादीचं नाव जॅकी आणि नराचं शॅडो. गरुडांमध्ये मादी नरापेक्षा मोठी असते, त्यामुळे दोघं शेजारी उभी राहिली की जॅकी चटकन ओळखू येते.

मी मोबाइल वर्गातल्या टीव्हीला जोडला. चित्र दिसलं आणि मुलं ओरडली, "बाई, हे तर रात्रीचं आहे!" बरोबरच होतं. आपल्याकडे दुपारचे बारा वाजतात तेव्हा तिकडे आदल्या दिवसाची रात्र असते. भूगोलाच्या पुस्तकातला धडा त्या दिवशी न शिकवताच कळला.

पन्नास नाही, बासष्ट तास

आम्ही पाहायला लागलो तेव्हा घरट्यात तीन अंडी होती. जॅकीने ती 22, 25 आणि 28 जानेवारीला घातली होती. आई आणि बाबा आळीपाळीने अंड्यांवर बसत. एकाने उठायचं, दुसऱ्याने हळूच बसायचं. बसण्याआधी चोचीने अंडी जराशी फिरवायची, म्हणजे ऊब सगळीकडे सारखी लागते.

या जोडीचा आधीचा इतिहास वाचला आणि मुलं हळहळली. 2022 साली त्यांचं 'स्पिरिट' नावाचं पिल्लू मोठं होऊन उडालं होतं. त्यानंतर 2023 मध्ये अंडी उबली नाहीत. 2024 मध्येही तीन अंडी होती, पण एकातूनही पिल्लू आलं नाही. त्या वर्षी फेब्रुवारीत मोठा हिमवर्षाव झाला. जॅकी अंड्यांवरून उठलीच नाही. पाठीवर, डोक्यावर बर्फ साचला. किती वेळ बसली असेल? मुलांनी अंदाज केले. कुणी म्हणालं दहा तास, कुणी म्हणालं वीस. एकाने तर "पन्नास!" म्हणून टाकलं. खरा आकडा होता सलग सुमारे 62 तास! न खाता, न उठता.

"आणि तरी पिल्लू झालंच नाही?" पुन्हा तोच बारीक आवाज.

"नाही झालं. पण पुढच्या वर्षी त्यांनी पुन्हा घरटं बांधायला घेतलं," मी म्हटलं. गरुड तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतात. दरवर्षी नव्या काटक्या, नवं गवत. असं करता करता घरटं प्रचंड वाढतं. फ्लोरिडा राज्यातलं असं एक घरटं 1963 साली मोजलं होतं. ते सुमारे 2.9 मीटर रुंद, 6 मीटर खोल आणि दोन टनांहून जड होतं!

मूठ मिटून चालणारी आई

3 मार्चला रात्री, तिकडच्या घड्याळात साडेअकराच्या सुमारास, पहिलं पिल्लू अंड्यातून बाहेर आलं. आपल्याकडे तेव्हा 4 मार्चची दुपार होती. काही तासांनी दुसरं आलं आणि 8 मार्चला तिसरं.

अंड्याचं कवच काही आई फोडत नाही. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक छोटासा टणक खडा असतो. त्याने पिल्लू आतून कवच कोरतं. आधी एक भोक, मग भेग, मग थोडी विश्रांती, मग पुन्हा कोरणं. या कामाला एक-दोन दिवससुद्धा लागतात. आई वर बसून असते, पण घाई करत नाही.

नुकतं जन्मलेलं पिल्लू शंभर ग्रॅमसुद्धा भरत नाही. म्हणजे कोंबडीच्या दोन अंड्यांपेक्षाही हलकं! अंगावर फिकट राखाडी लव. मान एवढी लुळी की खाण्यासाठी वर केली तर डोकं डुगडुगतं. घास चोचीत पडायच्या ऐवजी आईच्या छातीवरच चोच आपटते.

गरुडाची चोच मासा टराटरा फाडणारी. पण जॅकी त्याच चोचीने माशाचा तांदळाएवढा तुकडा काढायची, मान वाकडी करून पिल्लाच्या चोचीजवळ न्यायची आणि थांबायची. पिल्लाचा नेम चुकला की पुन्हा तुकडा पुढे. पुन्हा चुकला की पुन्हा पुढे.

आणि तिचे पाय पाहिलेत का? मुलांनी मला दाखवलं, मी दाखवलं नाही. पिल्लांच्या जवळून चालताना ती नख्या आत वळवून घेते. अगदी आपण मूठ मिटतो तशी. त्या नख्या सशाला जागीच ठार करणाऱ्या. त्या पिल्लाला चुकूनही लागू नयेत म्हणून गरुडाचे आईबाप मूठ मिटून लंगडत लंगडत चालतात. मधल्या सुट्टीत आमच्या वर्गातली निम्मी मुलं पायाची बोटं दुमडून चालायचा सराव करत होती!

शॅडो तळ्यातून मासे आणायचा. कधी कूट नावाचा पाणपक्षी आणायचा. आपल्याकडे ज्याला वारकरी किंवा चांदवा म्हणतात, त्याच्याच जातकुळीतला. घरट्याच्या कडेला एका वेळी तीन-चार मासे पडलेले असायचे.

धुळवडीच्या दिवशी

13 मार्चला आपल्याकडे होळी होती. 14 ला धुळवडीची सुट्टी. इकडे आम्ही रंगात भिजत होतो आणि तिकडे बिग बेअरच्या डोंगरात बर्फाचं वादळ सुटलं होतं.

पिल्लांच्या अंगावर सुरुवातीला नुसती लव असते. तिने थंडी अडत नाही. साधारण दोन-तीन आठवड्यांनी जाड, गडद राखाडी लव येते, तेव्हा कुठे पिल्लू आपलं अंग स्वतः ऊबदार ठेवू शकतं. ही तीन पिल्लं तर पाच ते दहा दिवसांची होती. आईबापांनी पंख पसरून त्यांना पोटाखाली घेतलं. बर्फ पडत राहिला.

शनिवारी, 15 तारखेला, शाळा भरल्या भरल्या आम्ही टीव्ही लावला. तिकडे शुक्रवारची संध्याकाळ होती. घरट्याभोवती बर्फाची भिंत. जॅकी उठली. खालून एक डोकं वर आलं. मग दुसरं. आम्ही वाट पाहत राहिलो. तिसरं आलं नाही.

त्या रात्रीच्या थंडीत एक पिल्लू दगावलं होतं. त्याला पुढे 'मिस्टी' असं नाव दिलं गेलं.

वर्ग एकदम शांत झाला. मग प्रश्नांचा भडिमार सुरू झाला. "बाई, कॅमेरावाल्यांनी छत्री का नाही धरली?" "हेलिकॉप्टरने का नाही गेले?" "एक पिल्लू घरी का नाही आणलं?"

मलाही तेच वाटत होतं. पण विचार करा. 44 मीटर उंच झाडावर, वादळात, कुणी चढलं असतं तर काय झालं असतं? आईबाप घाबरून उडाले असते. एका मिनिटात उरलेली दोन पिल्लंही गारठली असती. म्हणून कायद्यानेही या घरट्याजवळ जायला बंदी आहे. घरट्याच्या दिवसांत आजूबाजूचा जंगलाचा भाग लोकांसाठी बंद ठेवतात. कॅमेरा बिघडला तर तोसुद्धा घरटं रिकामं झाल्यावरच दुरुस्त करतात.

पाहायचं, पण हात लावायचा नाही. हे फार अवघड असतं, मुलांनो. मोठ्या माणसांनासुद्धा.

दुसरीकडे जॅकी आणि शॅडो थांबले नव्हते. उरलेल्या दोघांना भरवणं चालूच होतं. त्या दिवशी आमच्या वहीत एका मुलाने लिहिलं, 'आज दोन पिल्लं जेवली.' एवढंच.

तीन किलोचं बाळ, एकशेवीस किलोचं!

मग आमची वही भराभर भरायला लागली. शाळा सकाळची असल्यामुळे आम्हाला रोज घरट्यातली संध्याकाळ दिसायची, म्हणजे पिल्लांचं रात्रीचं जेवण!

मार्च संपता संपता पिल्लं गडद राखाडी झाली. पाय मोठे, पोट मोठं, पंख मात्र चिमुकले. जेवण झालं की गळ्याखाली लिंबासारखा फुगवटा यायचा. ती गरुडाची शिदोरीची पिशवी. पोट भरलं की जादा अन्न तिथे साठतं आणि हळूहळू खाली उतरतं.

आणि एक गंमत. शी आली की पिल्लू उलटं सरकत सरकत घरट्याच्या कडेला जायचं, शेपटी वर करायचं आणि पिचकारी थेट घरट्याबाहेर! हे त्यांना कुणी शिकवत नाही. वर्गात यावर किती हसू झालं ते सांगायला नको. पण घर स्वच्छ ठेवायची अक्कल एवढ्याशा पिल्लाला आहे, हे सगळ्यांनी मान्य केलं.

भांडणंही व्हायची. मोठं पिल्लू धाकट्याच्या डोक्यात चोच मारायचं. धाकटं मान खाली घालून गप्प पडून राहायचं. मोठ्याचं पोट भरलं की उठून पुढे यायचं आणि आपला वाटा घ्यायचं.

एप्रिलमध्ये पिल्लांची नावं ठरली. जगभरातून हजारो नावं आली होती. त्यातून निवडलेल्या नावांवर बिग बेअरच्या प्राथमिक शाळेतल्या मुलांनी मतदान केलं. मोठ्याचं नाव ठरलं सनी, धाकट्याचं गिझ्मो.

याच सुमारास लवेतून काळ्या पिसांचे कोंब डोकावायला लागले. पीस उगवतं तेव्हा ते एका बारीक नळीत गुंडाळलेलं असतं. आत रक्त खेळत असतं. पिल्लू चोचीने ती नळी सोलतं, तेव्हा पीस उलगडतं, केळीचं नवं पान उलगडतं तसं. कुणी पाहुणा घरट्यात आला आणि पिल्लू दचकून आधीच खाली पडलं, तर त्याचा निभाव लागत नाही. या कोंबांवर उडता येत नाही.

जन्माच्या वेळी शंभर ग्रॅमही न भरणारं पिल्लू अडीच-तीन महिन्यांत चार किलोच्या आसपास जातं. म्हणजे चाळीस पट! माणसाचं तीन किलोचं बाळ या वेगाने वाढलं तर तीन महिन्यांत ते 120 किलोचं होईल. आईला उचलून घेता येईल का?

आणखी एक नवल. घरटं सोडायच्या वेळी पिल्लू आईबापांपेक्षा मोठं दिसतं. कारण पहिल्या वर्षीची त्याची पंखांची आणि शेपटीची पिसं मोठ्या गरुडापेक्षा लांब असतात. नवशिक्या सायकलस्वाराला मागे दोन छोटी चाकं लावून देतात ना, तशी ही निसर्गाने दिलेली सोय. लांब पिसांमुळे हवेत तरंगायला मदत होते. पण डोकं अजून पांढरं नसतं. सगळं अंग काळपट तपकिरी. पांढरं डोकं मिळायला चार-पाच वर्षं थांबावं लागतं.

घरट्यातली तालीम

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आई ढकलते का?

एप्रिलच्या शेवटी परीक्षा संपून सुट्टी लागली. मी घरून पाहत राहिले आणि वहीत लिहीत राहिले. मे महिन्यात सनी आणि गिझ्मो यांचा एकच उद्योग चालू होता, तालीम!

आधी एका जागी उभं राहून पंख हलवायचे. मग हलवता हलवता उडी मारायची. मग वारा आला की पंख पसरून नुसतं उभं राहायचं. मग वाऱ्यावर घरट्याच्या वर एक-दोन हात उचललं जायचं आणि पुन्हा घरट्यातच उतरायचं. काही वेळा उतरताना भावंडाच्या डोक्यावर! मग घरट्याला लागून असलेल्या फांदीवर पाय टाकायचा. घाबरून परत यायचं. दुसऱ्या दिवशी फांदीवर दोन पावलं पुढे.

आईबाप मासा आणून टाकायचे. आता भरवणं कमी झालं होतं. पिल्लू मासा ओढून घ्यायचं, पंखांचा तंबू करून त्यावर झाकून बसायचं आणि स्वतः फाडून खायचं. सुरुवातीला अर्धा तास ओढाताण करूनही घास मिळायचा नाही. तेव्हा जॅकी येऊन पुन्हा एक-दोन घास भरवायची.

एकदाही, मुलांनो, एकदाही कुणी कुणाला ढकललं नाही. घरट्यातलं मऊ गवत काढून काटे उघडे केले नाहीत. उलट जॅकी आणि शॅडो नवं गवत आणून पसरत होते.

2 जूनला सकाळी पावणेअकराच्या सुमारास, म्हणजे आपल्याकडे रात्री सव्वाअकराला, सनी झाडावरून झेपावलं.

गिझ्मो राहिलं. दुसरा दिवस गेला. तिसरा गेला. गिझ्मो पंख हलवायचं, फांदीवर जायचं, खाली बघायचं आणि परत यायचं. आईबाप मासे आणतच होते. पाच दिवसांनी, 7 जूनला, गिझ्मोही उडालं. स्वतःहून.

उडाल्यावरही शाळा संपत नाही. तरुण गरुड काही आठवडे घरट्याच्या आसपास राहतात, आईबापांकडून मासे खातात आणि त्यांचं पाहत पाहत शिकार शिकतात. पहिलं वर्ष फार कठीण असतं. बरीच पिल्लं त्यात टिकत नाहीत. म्हणून तर उडण्याआधीची तालीम एवढी महत्त्वाची.

आईबापाविना उडालेली पिल्लं

तुम्ही म्हणाल, बाई, एका घरट्यावरून कसं ठरवायचं? अगदी बरोबर. म्हणून आणखी एक पुरावा सांगते.

एके काळी हे गरुड अमेरिकेतून नाहीसे व्हायला आले होते. कारण होतं डीडीटी. आपल्याकडेही हिवतापाचे डास मारायला घराघरांत डीडीटी फवारायचे. आजीआजोबांना विचारा, त्यांना तो वास आठवेल. अमेरिकेत ते शेतात, जंगलात फवारलं गेलं. पावसाबरोबर ते पाण्यात उतरलं, पाण्यातून माशात आणि माशातून गरुडाच्या पोटात. गरुड त्याने लगेच मेले नाहीत. पण अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की आई उबवायला बसली की तिच्याच वजनाने अंडं फुटायचं. 1963 साली अलास्का सोडून उरलेल्या मुख्य अमेरिकेत गरुडांच्या फक्त 417 जोड्या मोजल्या गेल्या.

रेचेल कार्सन या लेखिकेने 1962 साली 'सायलेंट स्प्रिंग' हे पुस्तक लिहून या विषाची गोष्ट जगाला सांगितली होती. 1972 मध्ये अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली. पण जिथे गरुडच उरले नव्हते, तिथे ते परत कसे येणार?

न्यूयॉर्क राज्यात 1976 पासून एक युक्ती केली गेली. दुसऱ्या राज्यांतल्या घरट्यांतून काही पिल्लं आणली. उंच मनोऱ्यावर जाळीचं घरटं केलं आणि त्यात ती ठेवली. माणसं आडोशाआडून, पिल्लांना दिसणार नाहीत अशा रीतीने मासे सरकवायची. पिल्लांची पिसं पूर्ण वाढली की जाळीचं दार उघडायचं. बस्स. तिथे ना आई होती, ना बाप. ढकलायला कुणीच नव्हतं. तरी पिल्लं उड्या मारत होती, पंख हलवत होती आणि वेळ आली की उडून जात होती.

अशाच एका पिल्लाच्या पायात 1977 साली कडं घातलं होतं. 2015 मध्ये गाडीची धडक लागून तो गरुड मेला, तेव्हा कड्यावरून त्याचं वय कळलं. 38 वर्षं!

2007 साली हे गरुड धोक्यातल्या जातींच्या यादीतून बाहेर आले. 2021 मध्ये जाहीर झालेल्या अंदाजानुसार मुख्य अमेरिकेत त्यांची संख्या तीन लाखांच्या वर गेली होती.

गोष्ट बदलली

16 जूनला आमची शाळा उघडली. 'उडता आलं नाही तर?' असं विचारणारी मुलगी आता चौथीत होती. पहिल्याच आठवड्यात मी तिला आमची वही दिली आणि म्हटलं, "यातलं शेवटचं पान परिपाठात वाचशील? आज नको. तुला वाटेल त्या दिवशी."

ती वही घरी घेऊन गेली. चार दिवस काहीच बोलली नाही. मीही विचारलं नाही. खरं सांगू? विचारायचं नाही, हे मला जड गेलं. सोमवारी तिने वही हातात घेऊन रांगेतून पुढे पाऊल टाकलं. दोन शब्दांवर अडखळली. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. पण गिझ्मो उडालं इथपर्यंत सगळं वाचलं.

मित्रांनो, बोधकथेतला गरुड मला आता पाठ असूनही सांगता येत नाही. त्याऐवजी मी मूठ मिटून चालणाऱ्या जॅकीची गोष्ट सांगते. आईबापांनी भरवावं, वादळात पांघरावं आणि पिल्लू फांदीवर उभं असताना शेजारी थांबावं. उडायचं कधी, ते पिल्लाला कळतं.

करून पाहा

* अंगणात खडूने दोन मीटरची रेघ ओढा. हात पसरून तिच्यावर आडवे व्हा. गरुडाचे पंख मोठे की तुमचे हात?
* घराजवळ चिमणी, बुलबुल किंवा साळुंकीचं घरटं दिसलं तर एक वही करा. रोज एकाच वेळी, दुरून, दहा मिनिटं पाहा. तारीख, वेळ आणि जे दिसलं तेच लिहा. जे वाटलं ते वेगळ्या रंगाने लिहा.
* घरट्याजवळ जाऊ नका, फांदी वाकवू नका, अंड्याला हात लावू नका. पक्षी ओरडायला लागला तर समजा तुम्ही फार जवळ आलात. चार पावलं मागे या.
* "गरुड चाळिसाव्या वर्षी स्वतःची चोच दगडावर आपटून तोडतो, मग नवी चोच येते आणि तो आणखी तीस वर्षं जगतो," असं कुणी सांगितलं तर विचारा, "चोच नसताना तो इतके दिवस खातो काय?"